पास्कल चोरिथो

परवा दळवींच्या घरी पुन्हा तो किस्सा निघाला.

दळवी म्हणजे आमचे जनरल मॅनेजर. आमची कंपनी शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये. पंप, व्हॉल्व्ह, गॅस्केट असलं सामान आणायचं आणि विकायचं, यापलीकडे तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दळवींचं घर दुबईत, सिलिकॉन ओएसिसला, अठराव्या मजल्यावर. वर्षातून तीन-चारदा ते ऑफिसातल्या मराठी माणसांना घरी बोलावतात आणि जेवणाआधी हमखास सुरू होतात, "आमच्याकडे एक स्टोअरकीपर होता, पास्कल. वसईचा. अरे, काय हावरट माणूस! थांबा, व्हिडिओच दाखवतो." मग मोबाइल हातोहात फिरतो. मग हसणं. पोटं धरधरून हसणं. कुणीतरी नवीन आलेली बाई "शी! हाऊ ग्रॉस!" म्हणते आणि ताटातलं पुढे खाते.

तो व्हिडिओ घेतला तेव्हा मी त्याच घरात होते. व्हिडिओत मी दिसत नाही, कारण मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इतकी वर्षं मी या विषयावर तोंड उघडलेलं नाही. पण दळवींच्या आई, माई, मागच्या वर्षी गेल्या. दळवी मराठीत वॉट्सअॅपच्या फॉरवर्डपलीकडे काही वाचत नाहीत. नावं मी बदलली आहेत. म्हणून आता लिहितेय.

आधीच सांगून टाकते, पास्कल मला मुळीच आवडायचा नाही. मला त्याची किळस यायची. किळस हाच शब्द, दुसरा नाही. माझं हे लहानपणापासूनचं आहे. दुसऱ्याच्या उष्ट्या ग्लासाला हात लागला तरी मी साबण शोधते. नवरा म्हणतो, तुझं नाक देवाने चुकून कुत्र्याचं लावलंय. असेल.

पास्कल माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, पण ऑफिसात बहुतेक सगळे त्याला अरे-तुरे करत. कारण काय, तर तो गोदामात बसायचा आणि आम्ही एसीत. बुटका, पोट सुटलेलं, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक टूथपिक. जेवताना त्याच्या तोंडाचा आवाज तीन टेबलांपलीकडे जायचा. मचमच, मचमच. माशाचा काटा तो असा चोखायचा की शेवटी काटा पांढराशुभ्र होऊन डब्याच्या झाकणावर पडायचा. मग एकेक बोट तोंडात घालून चाटायचा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, क्रमाने, आवाज करत. पाचवं बोट झालं की तृप्तीचा ढेकर. मी डबा झाकून उठून जायचे. खरंच जायचे.

आणि त्याचा डबा! सुक्या बोंबलाची चटणी, जवळा, करंदी. शारजातल्या आपल्या खोलीवर तो पहाटे उठून हे सगळं स्वतः करायचा आणि आमच्या पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा. त्यानंतर त्या मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवून दाखवा म्हणावं कुणीतरी.

सुट्टीवरून आला की तो वसईची सुकेळी आणायचा. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. केळी सोलून उन्हात दिवस-दिवस वाळवतात, ती आक्रसतात, तपकिरी होतात, मधासारखी चिकट होतात, मग केळीच्या सुक्या पानात गुंडाळून बांधतात. पास्कलला त्याचा कोण अभिमान. "आमच्या निर्मळला माझी बहीण करते. राजेळीचीच लागतात, दुसऱ्या केळ्याची होत नाहीत. खा, बाय." प्रत्येक बाईला तो 'बाय' म्हणायचा. मी ते पुडकं दोन बोटांच्या चिमटीत धरलं, "थँक्यू हं" म्हटलं आणि तो वळताच टिश्यूत गुंडाळून डेस्कखालच्या कचऱ्यात टाकलं. दोन-तीन वर्षं टाकलं.

एक गुण मात्र नाकारता यायचा नाही. पास्कल लेबल वाचायचा. आमच्या धंद्यात बॉक्सवर एक आणि आत दुसरंच, हे नेहमीचं. पास्कल प्रत्येक खोका उजेडात धरून, चष्मा कपाळावरून खाली ओढून, देवाचं स्तोत्र म्हणावं तसं लेबल मोठ्याने वाचायचा. माल कुठला, बॅच कुठली, कुठे बनला. ड्रायव्हर बाहेरून घाई करत ओरडायचे, "यल्ला, पास्कलभाई, यल्ला!" हा ढिम्म. "लेबल वाचल्याशिवाय माल आत नाय." हे त्याचं वाक्य दिवसातून वीसदा ऐकू यायचं. त्याच्या स्टोअरमधून साधा नट कधी हरवला नाही. ऑफिसातही तोच प्रकार. बिस्किटाचा पुडा फोडला तरी आधी मागची बाजू वाचणार. आम्ही त्याच्यावर हसायचो.

आता एका मेलबद्दल. एका दुपारी पॅन्ट्रीत पाऊल टाकलं आणि बोंबलाचा वास डोक्यात गेला. मी तडक जागेवर आले आणि दळवींना मेल ठोकला. पॅन्ट्रीत श्वास घेता येत नाही, क्लायंट येतात, कंपनीची इमेज वगैरे वगैरे. दुसऱ्या दिवशी पॅन्ट्रीच्या दारावर नोटीस लागली. उग्र वासाचं अन्न आणू नये. खाली नाव कुणाचंच नाही. दळवींनी पास्कलला वर बोलावून हसत हसत सांगितलं, "तू आपला बाहेर लोडिंग बेवर जेवत जा. मोकळी हवा." मोकळी हवा! हमरियाच्या लोडिंग बेवरची! मे महिन्यात तिथे उभं राहिलं की चपलेचा तळ चिकटतो. पास्कल दोन कंटेनरांच्या मधल्या सावलीत खोका उलटा टाकून त्यावर डबा खायला लागला.

चार दिवसांनी कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या पुढच्या सीटवर बसला आणि मागे वळून, अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "नोटीस छान लिहिलीय. 'काइंडली डू द नीडफुल इन धिस रिगार्ड्स.' रिगार्डला एस लावणारं आपल्या ऑफिसात एकच माणूस आहे, बाय. साहेबांनी तुमचं वाक्य आहे तसंच छापलंय."

मला लाज वाटायला हवी होती. मला राग आला. याला कुणी सांगितलंय लोकांच्या इंग्रजीची लेबलं वाचायला? मी खिडकीबाहेर बघत बसले. तो पुढे वळला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला, तोंड उघडं टाकून.

त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी सरता सरता, एक गोष्ट झाली. सह्यांचे कागद घेऊन मी लोडिंग बेवर जायचे तेव्हा त्याच्या डब्याला वास येईना. पडवळ, डाळ, दुधीभोपळा. रोज तेच. मला वाटलं, शेवटी लाईनवर आला म्हणायचा. मनात म्हटलं, बघा, एका मेलने काय काय होतं.

त्याच दिवसांत माई आल्या. दळवींच्या आई, मालवणकडच्या. ऐंशीच्या पुढच्या, हडकुळ्या, नऊवारीतल्या, पण जीभ कशी तरतरीत. मासे आणि कोंबडी चवीने खाणाऱ्या. पण गाय म्हणजे त्यांचा जीव. गावाला स्वतः जेवायच्या आधी त्या गोठ्यात जाऊन पहिली भाकरी गायीला घालायच्या, नवरा गेला त्या दिवशीही घातली होती, हे दळवीच आम्हाला सांगायचे. इथे गाय कुठली? तर त्या अठराव्या मजल्यावर पोळीचा तुकडा बाजूला काढून बाल्कनीत ठेवायच्या. कबुतरं खायची. "गायीचा वाटा काढलेला आहे, कोण खातो ते त्याचं तो बघेल," म्हणायच्या.

दळवी नुकतेच चार दिवस बार्सिलोनाला जाऊन आले होते. चार दिवस! आल्यापासून त्यांच्या तोंडी स्पेनच. टीममधल्या मराठी माणसांना शनिवारी दुपारी घरी बोलावलं. बेत काय, तर तापास. छोट्या छोट्या बशांत छोटे छोटे पदार्थ. मुख्य म्हणजे सॉसेजचा एक, दहा मिनिटांत होणारा, जो ते स्वतः करणार आणि त्याचा व्हिडिओ निघणार. पास्कललाही बोलावणं होतं, कारण सिलिंडर, खुर्च्या आणि बर्फाच्या पिशव्या वर कुणी आणायच्या?

आम्ही पोचलो तेव्हा दळवी एप्रन लावून तयार. त्यांचा भाचा मोबाइल धरून उभा. दळवी कॅमेऱ्याकडे बघून बोलतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो, लाडिक होतो. मला तोही सहन होत नाही. "फ्रेंड्स, याला म्हणतात चोरिथो. चोरिझो नाही हं, चोरिझो म्हणणारे अडाणी. चो-रि-थो."

हॉलमधून माई म्हणाल्या, "चोरी? कुणी केली रे?"

सगळे हसले. दळवींनी समजावलं, "माई, चोरी नाही, चोरिथो. चिकनचं सॉसेज गं. तुला चालतं." मग आमच्याकडे वळून, "मी ना, त्या नॉन-मुस्लिमवाल्या खोलीत पायच ठेवत नाही. ते डुकराबिकराचं आपल्याला नको. सरळ बाहेरच्या फ्रीजमधून उचलायचं, हलाल लिहिलेलं. क्लीन. डोळे झाकून घ्यावं."

इथल्या सुपरमार्केटांत डुकराच्या मांसाची खोली वेगळी असते, दारावर तशी पाटी असते. त्या खोलीत गेलो नाही की आपला धर्म शाबूत, असं आमच्यातल्या निम्म्या लोकांचं गणित. डोळे झाकून. नेमकं तेच झालं.

तव्यात ऑलिव्ह ऑइल, त्यात ठेचलेली लसूण, त्यावर सॉसेजच्या जाड चकत्या. खरं तर त्यात रेड वाइन घालतात, पण माई होत्या म्हणून दळवींनी डाळिंबाचा रस ओतला आणि वर "माझं इनोव्हेशन" म्हणाले. चर्र आवाज झाला. चकत्यांतून लालभडक तेल सुटायला लागलं, तव्याच्या कडांना बुडबुडे आले. तो वास, तो तेलकट धूर, आणि त्यात दळवींचा लाडिक आवाज. मी नाकाला ओढणी लावून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाव कापत होते.

पास्कल बर्फ ठेवायला आत आला. तव्यात डोकावला. नाक ओढलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाय, चिकन असं तेल सोडत नाय."

मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?"

दळवी चकत्या बशीत काढून, वर कोथिंबीर भुरभुरवून, बशी उंच धरून कॅमेऱ्यामागोमाग हॉलमध्ये निघाले. "पहिला घास माईला. माईच्या आधी या घरात कुणी चव घेत नाही. मी पण नाही!"

पास्कलने ओट्यावरचं रिकामं पाकीट उचललं. खिसे चाचपले. चष्मा खाली गाडीत राहिला होता. पाकीट माझ्यापुढे धरलं. "वाचा."

मी वाचलं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात नाव, लाल मिरचीचं चित्र, हलालचा शिक्का. मागच्या बाजूला बारीक अक्षरात पहिलाच शब्द, बीफ.

मी पाकीट ओट्यावर ठेवलं आणि हॉलकडे बघितलं.

पास्कलने माझं तोंड बघितलं आणि त्याला कळलं. तो दारात गेला. "साहेब, दोन मिनिटं आत येता का? जरा काम होतं."

"अरे नंतर! व्हिडिओ चालू आहे, दिसत नाही?"

"साहेब, अर्जंट—"

"पास्कल, प्लीज!"

आणि मी? मी त्याच्यामागे दारापर्यंत आले होते. मी त्या हॉलमधल्या प्रत्येकाला नावाने ओळखत होते. माझं साहेबांपाशी वजन होतं. एक हाक मारली असती, "सर, थांबा." दोन शब्द. पण माझी बोबडी वळली. तेवढ्यात मी काय काय विचार केला ते सांगू? साहेबांचा सगळ्यांसमोर पचका होईल. व्हिडिओत जाईल. माझं अप्रेझल पुढच्याच महिन्यात आहे. आणि आपल्याला काय करायचंय, आपण तर खाणार नाही. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, ओळीने आलं. माशाचा काटा चोखणाऱ्या माणसाची मला किळस येत होती!

दळवींनी एक चकती टूथपिकला टोचली. तेल ठिबकत होतं. "माई, आ कर."

माईंनी डोळे मिटून, लहान पोरासारखं तोंड उघडलं.

पास्कल मधे घुसला. घुसला म्हणजे अक्षरशः, खाली सतरंजीवर बसलेल्या पोरांना ओलांडून. पुढे वाकला आणि दळवींच्या हातातल्या टूथपिकवरची ती चकती त्याने थेट तोंडाने ओढून घेतली. माईंच्या ओठांपासून वीतभर अंतरावरून. कुणीतरी किंचाळलं. दळवींच्या दुसऱ्या हातातली बशी त्याने काढून घेतली. "साहेब, माफ करा, वासानेच जीव चाललाय! आधी मला!" आणि उभ्या उभ्या खायला लागला. हाताने. दोन-दोन चकत्या एकदम. तव्यातून आत्ताच काढलेल्या, वाफाळत्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय, हनुवटीवरून लाल तेल ओघळतंय, शर्टावर पडतंय, आणि हा चावतोय, गिळतोय. मचमच, मचमच. दळवी बशी घ्यायला पुढे झाले तर त्याने पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून खायला लागला. शेवटी टेबलावरचा पाव उचलून बशीतलं तेल पुसून घेतलं. बशी लख्ख केली. मग सवयीने बोटं तोंडात घातली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

मग दळवींच्या मुलीचा आवाज, "डॅड, दॅट्स सो डिस्गस्टिंग." आणि मग जे हसणं फुटलं! दळवीही हसले, पण त्यांच्या कानशिलाची शीर उडत होती. "अरे, माणूस आहेस की कोण? दोन दिवस उपाशी होतास का रे, हावरटा?"

"हो साहेब," पास्कल म्हणाला. जीभ भाजल्यामुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं. "फार भूक होती."

एकट्या माई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हसू नका रे. भुकेलाय तो. एकटा राहतो ना? कोण करून घालणार त्याला?"

पास्कल स्वयंपाकघरात आला, ओट्यावरचं पाकीट घडी घालून खिशात टाकलं, तवा स्वतः घासला, दोनदा घासला, आणि माझ्याकडे न बघता बर्फाच्या रिकाम्या पिशव्या घेऊन खाली गेला. बाहेर सगळ्या बायका "शी, शी" करत होत्या. आणि मी सांगू का, मीही केलं. कुणीतरी मला विचारलं, "तुमच्याच ऑफिसातला ना हा?" मी म्हटलं, "शी, विचारू नका."

सोमवारी दळवी ऑफिसात एक स्टीलचा डबा घेऊन आले. माईंनी त्या भुकेल्या माणसासाठी कोंबडी-वडे पाठवले होते. दळवींनी तो असा नाचवत नेला की सगळा मजला बघेल. "चोरिथो! ए चोरिथो! हे घे, माझ्या आईने पाठवलंय. डबा तरी परत दे, खाऊ नकोस." त्या दिवसापासून पास्कलचं नाव चोरिथो पडलं. मराठी माणसं म्हणायची, मग मल्याळी म्हणायला लागले, मग पठाण ड्रायव्हर. एका नवीन ड्रायव्हरने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, पास्कलभाई ने क्या चोरी किया?" ज्याच्या स्टोअरमधून कधी नट हरवला नाही, त्या माणसाबद्दल. आणि पास्कल त्या नावाला "हां जी" म्हणून ओ द्यायचा.

चार दिवसांनी बर्फ घ्यायला मी पॅन्ट्रीतला फ्रीजर उघडला. आत तो डबा. बाहेरून गोठून पांढरा झालेला. वर आमच्या स्टोअरचं पिवळं स्टिकर, पास्कलच्या गोल गोल अक्षरात. आयटम: कोंबडी-वडे. रिसीव्ह्ड फ्रॉम: माई. होल्ड टिल ईस्टर.

मी ते दोनदा वाचलं. मग सरळ लोडिंग बेवर गेले. पास्कल खोक्यावर बसून भाताची पातळ पेज पीत होता. ओठाला भाजल्याचा फोड.

"ईस्टरपर्यंत का?"

"उपवासकाळ चालू आहे ना, बाय. भस्म बुधवारपासून चाळीस दिवस मांस-मासळी बंद. आमच्या घरी सगळेच पाळतात. मी तर लहानपणी पहिलं कम्युनियन घेतलं तेव्हापासून एकदाही मोडला नव्हता."

पडवळ. डाळ. दुधीभोपळा. माझा मेल नव्हता त्यामागे, उपवास होता.

"मग शनिवारी?"

"शनिवारी मोडला." त्याने पेजेचा घोट घेतला, भाजलेल्या तोंडाने, हळू. "चर्चमध्ये फादरना जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं. फादरनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, चव कशी होती? मी म्हटलं, मीठ कमी."

मला हसू आलं नाही. मी भांडायलाच लागले. माझं तसंच आहे, लाज वाटली की मी भांडते. "सांडून टाकायची होती बशी! खाल्लीत कशाला? मुद्दाम हात लावून पाडायची!"

"गरम तेल होतं. खाली पोरं बसलेली."

"मग ओरडून सांगायचं, बीफ आहे म्हणून!"

"आणि मग? माईंच्या पोराने स्वतःच्या हाताने त्यांच्या ओठापर्यंत नेलं होतं. त्या काय जेवल्या असत्या पुन्हा त्या घरात?" त्याने पेज बाजूला ठेवली. "त्यांनी कसं तोंड उघडलं, बघितलंत ना तुम्ही? लेबल न वाचता. आता एवढा विश्वास टाकल्यावर माणूस काय करणार?"

मी म्हटलं, "ते तुम्हाला चोर म्हणतात. मी सांगते दळवींना, आजच."

"खाऊन टाकलंय मी," तो म्हणाला. "आता सांगाल तर माझं खाल्लेलं फुकट जाईल, बाय."

हे वाक्य माझ्या मानगुटीवर बसलंय. बरं बोलायला जावं तर त्याने केलेलं सगळं मातीत जातं. गप्प बसावं तर तो हावरट, तो चोरिथो. त्याने तो उपवास मोडून जे राखलं, ते माझ्या गप्प बसण्यावर टिकून होतं, आणि माझं गप्प बसणं तर मुळात भित्रेपणाचं होतं. आता तेच पुण्याईचं काम झालं! दरवर्षी, दर पार्टीला, मी तो व्हिडिओ बघते, आणि मला स्वतःच्या थुंकीची किळस येते.

त्यानंतर दोन वर्षांनी पास्कलने नोकरी सोडली. बहिणीचे गुडघे गेले होते, वाडीतली केळी बघायला कुणी नव्हतं. निरोपाला दळवींनी कॉन्फरन्स रूममध्ये केक आणला आणि शेजारी, गंमत म्हणून, सॉसेजच्या चकत्यांनी भरलेली थाळी. "चला, चोरिथो, फॉर ओल्ड टाइम्स सेक! एकट्याने संपवायची!" मोबाइल वर झाले. सगळे टाळ्या वाजवायला लागले.

पास्कलने थाळीजवळचं पाकीट उचललं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि सगळ्यांसमोर लेबल वाचलं. पुढून, मागून. मग पाकीट दळवींच्या हातात देत म्हणाला, "चिकन आहे, साहेब. बरोबर आणलंत. माईंना पण द्या." दळवी हसले. त्यांना कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पास्कलने एक चकती खाल्ली, चवीने, मचमच करत, आणि थाळी पुढे सरकवली.

चारच्या बसला मी त्याला सोडायला गेटपर्यंत गेले. त्याच्या हातात रेक्झिनची एक बॅग, बस्स. चढायच्या आधी त्याने बॅगेतून केळीच्या सुक्या पानात बांधलेलं पुडकं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"सुकेळी आहेत. या वेळी कचऱ्यात टाकू नका, बाय."

म्हणजे हेही त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत असेल. तरी दरवर्षी आणायचा.

तो खिडकीशी बसला. बस सुरू व्हायच्या आतच त्याने स्वतःसाठीचं एक पुडकं सोडलं आणि खायला लागला. काचेपलीकडून मला आवाज येत नव्हता, पण मला तो पाठ आहे. खाऊन झाल्यावर त्याने अंगठा तोंडात घातला. मग पहिलं बोट, मग दुसरं. करंगळीपर्यंत आला आणि माझ्याकडे बघून हात हलवला. त्याच, ओल्या हाताने. बस गेटबाहेर पडून वळली.

मी गेटपाशी उभ्या उभ्या पुडकं सोडलं आणि एक सुकेळं तोंडात घातलं. टिश्यू पर्समध्ये होता. मी तो काढला नाही. पाचही बोटं चाटली, आवाज करून. शेजारी उभ्या असलेल्या सिक्युरिटीवाल्याने तोंड फिरवलं.